नवतपात पडद्यावर बर्फ

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून दोनच दिवस झाले होते. नागपुरात सीताबर्डीतल्या दुकानात कूलरच्या तोंडाशी बसून मी एक मेलेला डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्र साठवणारा डबा, उघडला होता. फोन वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, "भाऊ, आमच्या पडद्यावर बर्फ पडून राहिला."

बाहेर पारा 46 वर. मला वाटलं, याला ऊन लागलं.

मग कळलं की फोन शहरातल्या एका कर्करोग रुग्णालयातून आहे. रेडिएशन विभागातला टेक्नॉलॉजिस्ट बोलत होता. रुग्णाला आत झोपवून दार लावलं, मशीन सुरू केलं, की पडद्यावर पांढरे ठिपके नाचू लागतात. मशीन थांबलं की ठिपके थांबतात. "पण सगळे थांबत नाहीत ना भाऊ, काही तिथंच बसतात. दर आठवड्याला वाढून राहिले." आधीच्या माणसानं दीड वर्षात चार कॅमेरे बदलले होते. पाचव्याला त्यानं फोन उचलणं बंद केलं.

मी सीसीटीव्हीच्या धंद्यात बारा वर्षं काढली आहेत. पिक्चरमध्ये दाणे दिसले की संशयितांची यादी ठरलेली असते: केबलच्या टोकाची ढिली बीएनसी पिन, वीज पुरवणारी दमलेली एसएमपीएस, लांब केबलमध्ये पडलेलं व्होल्टेज आणि उंदीर. इतवारीतल्या गोदामांमध्ये तर मी तपासाची सुरुवातच उंदरापासून करतो. त्यामुळे क्रिम्पिंगचं पक्कड आणि मूठभर नव्या पिना घेऊन, अर्ध्या तासाचं काम समजून मी निघालो.

घरून निघताना आईला सांगायला नको होतं. ती म्हणाली, "काहून जातं तिथं? तुले अजून पोरंबाळं व्हायचे आहेत." मी हसलो, पण पोटात थोडं हललंच.

कन्सोल म्हणजे एक साधी खोली. टेबलावर चार-पाच मॉनिटर, एक इंटरकॉम आणि एक लाल बटण. मी पोचलो तेव्हा आत एक रुग्ण होता. पडद्यावर तो दिसत होता: आडवा झोपलेला, तोंडावर पांढऱ्या जाळीचा मुखवटा, आणि तो मुखवटा चारी बाजूंनी टेबलाला जखडलेला. टेक्नॉलॉजिस्टनं सांगितलं, हे प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसवतात, थंड झालं की कडक होतं. डोकं केसभरही हलू नये म्हणून. आतल्या माणसाला धड बोलता येत नाही. त्रास झाला तर त्यानं फक्त हात वर करायचा. तो हात बघायला बाहेर एक माणूस, आणि त्या माणसाला दिसावं म्हणून आत एक कॅमेरा. कॅमेरा गेला की उपचार थांबवावा लागतो. आंधळ्या पडद्यावर मशीन चालवायला परवानगी नाही, आणि असती तरी कोणी चालवलं नसतं.

"तोंडाचा कॅन्सर?" मी विचारलं.

"या मशीनवर निम्मे तेच," तो म्हणाला. "खर्रा." खर्रा म्हणजे आमच्याकडची तंबाखू-सुपारी.

माझ्या खिशात पुडी होती. त्या दिवशी ती खिशातच राहिली. दुसऱ्या दिवशी खाल्ली, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात बीम, म्हणजे मशीनचा किरणांचा झोत, सुरू झाला आणि मी तो बर्फ पाहिला. केबलच्या दोषाचे दाणे आडव्या पट्ट्यांत येतात, लाटेसारखे सरकतात. हे तसे नव्हते. पडद्यावर कुठेही, क्षणभर, सुईच्या टोकाएवढा पांढरा ठिपका, लगेच दुसरीकडे दुसरा. काही ठिपक्यांना छोटी शेपटी. जणू काळ्या पाटीवर कोणी मीठ उधळत होतं. बीम थांबला तसं मीठही थांबलं. मागे शे-दोनशे ठिपके उरले, जागच्या जागी, न हलणारे.

मी तरीही पिना बदलल्या. बारा वर्षांची सवय. काही फरक पडला नाही.

मग विभागाच्या मेडिकल फिजिसिस्ट मॅडम आल्या. रेडिएशन सुरक्षेची जबाबदारीही त्यांच्याकडेच. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातून, म्हणजे बीएआरसीतून, रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केलेल्या, बोलायला एकदम सरळ. मी म्हणालो, आत जाऊन बघावं लागेल, आणि बहुतेक माझ्या चेहऱ्यावर आईचं वाक्य त्यांना दिसलं असावं. त्यांनी कन्सोलची चावी फिरवून काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"ही तुमच्या खिशात आहे तोवर बीम सुरू होत नाही दादा. कोणी ठरवलं तरी नाही."

वर एक पेनाएवढा डोसीमीटर, अंगावर पडलेली किरणं मोजणारा, माझ्या खिशाला अडकवला. त्यांच्या स्वतःच्या छातीवर टीएलडी बॅज होता. त्यात कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात, तीन महिन्यांनी तो वाचायला जातो आणि अंगावर किती किरणं पडली ते कळतं. सिव्हर्ट हे अंगावरच्या किरणांचं माप. कर्मचाऱ्याला वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा, माझ्यासारख्या बाहेरच्याला 1. आत जाण्याआधी आम्ही मात्र दहा मिनिटं नुसते उभे राहिलो. शेवटचा बीम 15 एमव्हीचा होता. एवढ्या ऊर्जेला मशीनच्या डोक्यातले आणि खोलीतले काही धातू थोड्या वेळापुरते स्वतःच किरणोत्सारी होतात. ॲल्युमिनियमचा तो अवतार सव्वादोन मिनिटांत निम्मा होतो. दहा मिनिटांत काही उरत नाही म्हणा.

"आणि बाकी खोली?"

"हे मशीन म्हणजे बल्ब. बटण बंद, उजेड बंद. भिंतीत उजेड साठून राहतो का? कोबाल्टच्या मशीनचं वेगळं असतं. तिथं दिवा कायम पेटलेला, आपण फक्त झाकण लावतो."

शेजारच्या खोलीत तसाच एक कायम पेटलेला दिवा होता, इरिडियम-192 चा. तांदळाच्या दाण्याएवढा स्रोत, तारेच्या टोकाला. 74 दिवसांत निम्मा होतो, म्हणून तीन-चार महिन्यांनी नवा मागवतात. त्या खोलीच्या कोपऱ्यात शिशाचं एक जड भांडं आणि लांब दांड्याचा चिमटा ठेवलेला असतो. तार अडकली आणि स्रोत आत परतला नाही, तर त्यासाठी. मी त्या चिमट्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिलो.

बंकरच्या, म्हणजे मशीनच्या जाड भिंतींच्या खोलीच्या, दारातून आत गेलं की सरळ खोली लागत नाही. आधी एक बोळ, मग वळण, मग खोली. किरणं सरळ धावतात आणि प्रत्येक आपटण्यात कमजोर होतात, म्हणून हे वळण. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचीही रचना अशीच, दारातून थेट चौक दिसू नये अशी. तिथं कारण वेगळं. आतल्या भिंतींपैकी दोन समोरासमोरच्या भिंतींचा मधला पट्टा बाकीच्या भिंतीपेक्षा पुढे आलेला होता, दोन मीटरहून जाड काँक्रीट. तसाच पट्टा छतावरूनही गेलेला. आणि आधीच्या माणसानं कॅमेरा कुठं लावला होता? त्या पट्ट्यावर, बरोब्बर मधोमध. मीही तिथंच लावला असता. चेहरा तिथून सगळ्यात स्वच्छ दिसतो आणि पुढे आलेल्या भिंतीवर ब्रॅकेट छान बसतो.

मॅडमना ते इतके दिवस कसं दिसलं नाही, हे मी विचारलं नाही. त्या रुजू होऊन दोनच महिने झाल्याचं नंतर कळलं. त्या क्षणी त्या फक्त कॅमेऱ्याकडे, मग मशीनच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "अरे देवा."

गँट्री, म्हणजे रुग्णाभोवती गोल फिरणारा मशीनचा हात, आडवा झाला की त्याचं तोंड याच पट्ट्याकडे असतं. पट्टा जाड केला आहे तो त्यासाठीच. रुग्णाच्या अंगातून आरपार गेलेला बीम तिथं येऊन आपटतो. कॅमेरा बीमच्या वाटेत बसला होता, बंदुकीच्या नळीत डोकावून बघणाऱ्या माणसासारखा.

त्यांनी माझ्याच बिलाच्या पाठीमागे हिशोब मांडला. ग्रे म्हणजे किरणांच्या माऱ्याचं माप. दिवसाला साधारण 50 रुग्ण, प्रत्येकी 2 ग्रे, म्हणजे रुग्णाच्या जागी दिवसभरात 100 ग्रे. ती जागा किरणांच्या उगमापासून 1 मीटरवर, कॅमेरा 4 मीटरवर. अंतर चौपट तर मारा सोळावा हिस्सा: सहा ग्रे आणि थोडे. बीम या भिंतीकडे वळलेला असतो पाव वेळ. त्यातलं निम्म्याहून जास्त रुग्णाच्या अंगातच अडतं. उरलं दिवसाला साधारण अर्धा ग्रे.

"अर्धा ग्रे म्हणजे किती?" मी विचारलं.

"माणसाच्या सबंध अंगाला एकदम चार-पाच ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं जातात." त्या पुढे म्हणाल्या, "गाठीला आम्ही सात आठवड्यांत 70 देतो, पण फक्त गाठीला, रोज थोडं थोडं. तुमचा कॅमेरा महिन्याला बारा-तेरा खातो. साधे कॅमेरे पन्नास-शंभरच्या पुढे फार टिकत नाहीत."

चार महिने. दीड वर्षात चार कॅमेरे. हिशोब जुळला.

इथं मी शहाण्यासारखं "कॅमेरा हलवू या" म्हणायला हवं होतं. पण पट्ट्यावरून दिसतं तसं दुसरीकडून दिसत नव्हतं, आणि माझ्या डोक्यात आयडिया आली होती. किरणं म्हटलं की शिसं! मी एका ओळखीच्याकडून 2 मिलिमीटरचा शिशाचा पत्रा आणला आणि नव्या कॅमेऱ्याला त्याचं चिलखत शिवलं, फक्त लेन्स उघडी. कॅमेराही जरा भारीतला निवडला, आयपी, म्हणजे नेटवर्कवर चालणारा. चार दिवसांत दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे वजनानं ब्रॅकेट झुकला आणि पडद्यावर रुग्णाऐवजी त्याचे पाय दिसू लागले. दुसरी, चिलखतात हवा खेळेना म्हणून कॅमेरा तव्यासारखा तापला. पाचव्या दिवशी तो बीम सुरू असतानाच हँग झाला. टेक्नॉलॉजिस्टनं उपचार थांबवून मला फोन केला. वायर काढून परत लावली की सुरू व्हायचा, पुन्हा बीममध्ये अडकायचा.

मॅडमनी पत्रा हातात घेऊन वाकवून पाहिला. "या ऊर्जेचा बीम निम्मा करायला 12 मिलिमीटरपेक्षा जास्त शिसं लागतं दादा. हे म्हणजे गारपिटीत ओढणी घेतल्यासारखं." 12 मिलिमीटर जाड, वीतभरही नाही असा तळव्याएवढा तुकडा दीड किलोच्या घरात जातो. पाच बाजूंनी लावायचा म्हटलं तर ब्रॅकेट नव्हे, ओटा बांधावा लागेल. आणि सहावी बाजू, लेन्सची, उघडीच. किरणं तिथूनच तर येतात.

हँग होण्याचं कारण आणखी वेगळं निघालं. 10 एमव्हीच्या वर मशीनच्या डोक्यातल्या जड धातूंतून न्यूट्रॉन सुटतात. ते शिशाला जुमानत नाहीत. त्यांना अडवायला हायड्रोजनवाला पदार्थ लागतो: पाणी, मेण, जाड पॉलिथिन. असा एखादा न्यूट्रॉन चिपमधल्या मेमरीच्या एका घरात घुसला की तिथला शून्य एक होतो, आणि प्रोग्रॅम भरकटतो. कॅमेऱ्यात डोकं जितकं जास्त, तितकी ही घरं जास्त. आयपी कॅमेरा म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच. मी भारी माल लावून स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता. साधा, कोॲक्स केबलवरचा ॲनालॉग कॅमेरा इथं जास्त शहाणा, कारण तो कमी शहाणा आहे.

पडद्यावर बसून राहणाऱ्या ठिपक्यांचंही तेच. सेन्सर म्हणजे सिलिकॉनच्या लाखो छोट्या वाट्या. प्रकाश पडला की वाटीत विद्युतभार साठतो, तो मोजला की चित्र. गॅमा किंवा एक्स-रेचा कण थेट वाटीत पडला तर ती क्षणभर भरून वाहते, तो उडता बर्फ. पण न्यूट्रॉननं सिलिकॉनच्या जाळीतला एखादा अणू जागेवरून ढकलला, तर ती वाटी कायमची गळकी होते. अंधारातही तिच्यात भार झिरपत राहतो आणि तो ठिपका कधी विझत नाही. शिवाय एक्स-रेमुळे चिपवरच्या काचेसारख्या थरात भार अडकून बसतो, म्हणून सगळं चित्रच हळूहळू धुरकट होत जातं.

त्या आठवड्यात रोज रात्री जेवण झाल्यावर मी हेच वाचत बसायचो. बायकोनं विचारलं, परीक्षा आहे का. वाचता वाचता कळलं की माझा बर्फ म्हणजे काहीच नाही. जपानमध्ये फुकुशिमाच्या दुसऱ्या नंबरच्या अणुभट्टीत फेब्रुवारी 2017 मध्ये एक साफसफाईचा रोबो पाठवला होता, मागून येणाऱ्या मोठ्या रोबोची वाट मोकळी करायला. त्याचा कॅमेरा एकूण 1000 सिव्हर्ट सोसेल असा बनवलेला. आत मारा तासाला 650 पर्यंत असावा असा अंदाज निघाला. साधारण दोन तासांत चित्र काळं पडू लागलं आणि रोबो ओढून बाहेर काढावा लागला. दोन तासांचे तेराशे होतात, माझ्यासारख्या दहावी पासलाही कळतं. ओढून काढला, कारण कॅमेरा मेल्यावर रोबो आतच आंधळा होऊन बसला असता, येणाऱ्यांच्या वाटेत.

अशा जागांसाठी खास कॅमेरे मिळतात. त्यांची लेन्स साध्या काचेची चालत नाही. साधी काच किरणांनी चहासारखी तपकिरी होत जाते, म्हणून काचेत सिरियम घालतात. काही कॅमेऱ्यांत सेन्सरच नसतो, जुन्या टीव्ही स्टुडिओत असायची तशी व्हिडिकॉन नळी असते. हे वाचल्यावर मी बाबांना उठवलं. महालात त्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. 1982 नंतर रंगीत टीव्ही आले तेव्हापासून पिक्चर ट्यूबा संपेपर्यंत त्यांनी तेच केलं, आणि मी सीसीटीव्हीत गेलो तेव्हा "चिप म्हणजे वापरा अन् फेका" असं ऐकवलं होतं. नळीवाला कॅमेरा साध्या चिपच्या हजारो पट मारा खातो, हे ऐकून ते उठून बसले. "तिच्यात आहे काय बिघडाले? काच अन् निर्वात." मग पुन्हा झोपले, पण समाधानानं.

मी एका पुरवठादाराकडे किंमत विचारली. लाखांत. रुग्णालयाच्या प्रशासनानं तो आकडा ऐकून मला चहा पाजला आणि विषय बदलला. त्यांचं चुकलं असं नाही. अणुभट्टीत माणूस जाऊच शकत नाही, तिथं कॅमेऱ्यानं टिकायलाच हवं. इथं मी रविवारी शिडी लावून दोन हजारांचा कॅमेरा बदलू शकतो. प्रश्न कॅमेरा कणखर करण्याचा नव्हताच, त्याला कुठं उभं करायचं एवढाच होता.

उत्तर मॅडमच्या ट्रेनिंगमधल्या एका आठवणीतून आलं. बीएआरसीत त्यांनी हॉट सेल, म्हणजे किरणोत्सारी वस्तू हाताळायच्या बंद खोल्या, पाहिले होते, जाड शिसेमिश्रित काचेच्या खिडक्यांचे, पिवळट दिसणाऱ्या. बाहेर माणूस यांत्रिक हातांची मूठ धरून उभा, आत पोलादी बोटं त्याच्या बोटांसारखी हलतात. "पण जिथं खिडकी नसते तिथं आरसा लावतात," त्या म्हणाल्या. "उजेडाला आरसा कळतो. गॅमाला नाही कळत, तो सरळ निघून जातो."

म्हणजे कॅमेरा खोलीत ठेवायचाच नाही. तो बोळात ठेवायचा, वळणाआड, आणि वळणावर आरसा लावून त्यातून खोलीत बघायचं. आईला केसात गजरा माळताना मागचं दिसावं म्हणून आम्ही दोन आरसे धरायचो, तेच तत्त्व.

पहिला आरसा मी पार्किंगच्या वळणावर असतो तसला फुगीर आणला. त्यात अख्खी खोली दिसली आणि रुग्ण मुंगीएवढा. मग इतवारीतल्या काचवाल्याकडून दोन फूट बाय दोन फुटांचा सपाट आरसा कापून घेतला. भिंतीला ड्रिल लावायची नाही अशी सक्त ताकीद होती. बंकरच्या भिंतीत एक बोटभर भोक पाडायलाही मॅडमची परवानगी लागते. केबलसाठी मुळातच ठेवलेली नळीही भिंतीतून तिरपी नेलेली असते, सरळ गेली तर किरणंही तिथूनच बाहेर येतील. म्हणून मी आरसा लाकडी चौकटीत बसवून आधीच्याच बोल्टांना अडकवला. कॅमेऱ्याला व्हेरिफोकल, म्हणजे दृश्य जवळ-लांब करता येणारी, लेन्स घेतली, कारण आता कॅमेरा ते आरसा आणि आरसा ते रुग्ण मिळून सहा मीटर अंतर झालं होतं. खोलीचं एकूण दृश्य दाखवायला दुसरा एक कॅमेरा गँट्रीच्या मागच्या भिंतीवर, कोपऱ्यात, पट्ट्यापासून लांब. आणि गंमत म्हणजे तिथं माझ्या शिशाला काम मिळालं. रुग्णाच्या अंगावरून काटकोनात उसळलेल्या किरणांची ताकद मूळ बीमपेक्षा पुष्कळ कमी असते, चारेक मिलिमीटर शिसंही त्यांना निम्मं करतं. तोच पत्रा दोनदा घडी घालून मी कॅमेऱ्याच्या एका कुशीला लावला. यावेळी हवेला जागा ठेवली.

सगळं आरशाच्या कोनावर अडलं होतं. एक अंश हलला की रुग्णाच्या जागी छत. टेक्नॉलॉजिस्ट टेबलावर आडवा, मी शिडीवर, मॅडम कन्सोलवरून इंटरकॉमवर: "डावीकडे... अजून... जास्त झालं." चावी माझ्या खिशात. रविवारची दुपार, एसी बंद, आणि बोळातल्या शिडीवर घाम डोळ्यात. तीन तास लागले. डोसीमीटर परत देताना त्यावर शून्य होतं.

सोमवारी पहिल्याच रुग्णाच्या वेळी बीम सुरू होऊन अर्धं मिनिटही झालं नसेल, पडद्यावर हात वर झाला. टेक्नॉलॉजिस्टनं बीम थांबवला आणि धावत आत गेला. काटोलकडचे एक म्हातारे काका होते. मुखवटा सोडवल्यावर म्हणाले, "काही नाही पोरा, खाज आली होती." परत आल्यावर टेक्नॉलॉजिस्ट मला म्हणाला, "भाऊ, काकांनी उजवा हात वर केला होता आणि मला डावा दिसला." आरशामुळे चित्र उलटं झालं होतं. डावी-उजवी बाजू इथं चेष्टेचा विषय नाही, त्यांची अर्धी कामं त्यावरच चालतात. कॅमेऱ्याच्या मेनूत "मिरर" नावाचा एक पर्याय असतो. बारा वर्षांत तो मला पहिल्यांदा कामाला आला.

आता दोन वर्षं होत आली. बोळातल्या कॅमेऱ्यावर बीममध्ये एखाद-दुसरा ठिपका उडतो, पण चेहरा स्वच्छ दिसतो. तो पहिला कॅमेरा अजून तोच आहे. कोपऱ्यातला मी वर्षातून एकदा बदलतो, बदलल्याची तारीख मार्करनं पाठीवर लिहून. दर तीन महिन्यांनी जाऊन लेन्सवर झाकण ठेवतो आणि पूर्ण अंधारातलं चित्र साठवून घेतो. अंधारात जे पांढरं दिसतं ती दुखापत. आधी मी हे ठिपके पडद्यावर बोट ठेवून मोजायचो, आता भाच्यानं त्यासाठी छोटा प्रोग्रॅम करून दिलाय.

मेलेले पाच कॅमेरे मॅडमनी सर्व्हे मीटर लावून तपासून दिले. रुग्णालयाच्या फाटकावर मीटर जे दाखवतो तेच त्यांच्यावर. एक्स-रेनं मेलेली वस्तू किरणोत्सारी होत नाही, आणि न्यूट्रॉननं जे काय जागं झालं असेल ते केव्हाच विझलेलं. मी ते एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरी आणले. कारण मी गुरूबद्दल वाचलं होतं.

नासाचं जुनो नावाचं यान 2016 पासून गुरूभोवती फिरतंय. त्या ग्रहाभोवतीचे किरणोत्सारी पट्टे फार जबर. यानाचं बाकी इलेक्ट्रॉनिक्स टायटॅनियमच्या तिजोरीत ठेवलंय, पण कॅमेऱ्याला बाहेरच राहावं लागतं. तो आठेक फेऱ्यांपुरता टिकेल असं धरलं होतं. 47 व्या फेरीपर्यंत ठीक चालला, मग खराब होऊ लागला, आणि 56 व्या फेरीपर्यंत जवळजवळ सगळी चित्रं बिघडली. कोट्यवधी किलोमीटरवर शिडी लावायला कोण जाणार? त्यांनी कॅमेऱ्याचा हीटर चढवला आणि त्याला नेहमीपेक्षा बराच गरम करून ठेवलं. ऊब मिळाली की सिलिकॉनच्या जाळीतले विस्कटलेले अणू थोडेफार जागेवर येतात. 30 डिसेंबर 2023 ला यान आयो या चंद्राजवळून, 1500 किलोमीटरवरून गेलं, तोवर चित्रं पुन्हा जवळजवळ नव्यासारखी आली होती. पहिल्या वेळी त्यांनी तापमान किती नेलं होतं माहितीये? 25 अंश. एरवी तो कॅमेरा कडाक्याच्या थंडीत असतो, म्हणून 25 त्याला शेकोटी. नागपुरात ती डिसेंबरातली दुपार.

म्हटलं, त्यांना 25 पुरतात तर माझ्याकडे गच्ची आहे, मे महिना आहे आणि फुकटचे 46 आहेत. पत्र्याच्या डब्यात तर साठही होतील. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या. नीट करायचं तर ओव्हन हवा, आणि कॅमेऱ्याचं प्लास्टिक आधी वितळेल, असं म्हणाल्या. पण करून बघा, म्हणाल्या. पाचही कॅमेऱ्यांचं अंधारातलं चित्र घेऊन ठेवलं, ठिपके मोजले, आणि नवतपाच्या पहिल्या दिवशी डबा गच्चीवर भर उन्हात ठेवून आलो. शेजारीच आईच्या कुरडया आणि सरगुंडे वाळत होते.

नऊ दिवसांनी डबा खाली आणला, रात्रभर थंड होऊ दिला, कारण गरम सेन्सर मुळातच जास्त ठिपके दाखवतो. सकाळी एकेक कॅमेरा लावून मोजलं. जवळजवळ तेवढेच. कुठं दोन-चार कमी, एकात तर एक जास्त. मी हिरमुसून आईला म्हणालो, नऊ दिवसांच्या उन्हाचा काही उपयोग झाला नाही.

"कुठचं ऊन?" आई म्हणाली. "पहिल्याच दिवशी मी तो डबा टाकीमागं सरकवला. ते किरणावाले कॅमेरे माह्या कुरडयांपाशी ठेवू का?"

टाकीमागं दिवसभर सावली असते.